घरगुती भांडे

अडतीस वर्षांच्या नोंदी, एकाच हाताच्या.
रोज सकाळी आठला, सेंकू नदीच्या वरच्या अंगाला,
लिमाकात्सो घोंगडी लपेटून बाहेर येते,
बाटली डोळ्यांच्या पातळीला धरते
आणि लिहिते. बहुतेक शून्य.
कधी वितळलेल्या बर्फाचे तीन, साडेतीन.

मासेरूच्या कचेरीत मी प्रत्येक वर्षातला
एकच दिवस उचलते, सगळ्यांत मोठा.
बाकीचे तीनशे चौसष्ट खाली ठेवते.
अडतीस ठिपके, त्यांच्यातून एक वक्र,
आणि त्या वक्राला हाताला धरून नेते
जिथे कुणीच जगलेलं नाही तिथे,
हजार वर्षांतून एकदाच्या पावसापर्यंत.
सांडवा तिथून मापून आणायचा.

एका ठिपक्याशी अडले.
चौदा फेब्रुवारी. दीडशे. पुढे पेन्सिलीने : भरून वाहिली.
दीडशे म्हणजे पाऊस नव्हे.
दीडशे म्हणजे बाटली.

तट्टावरून गेले. विचारलं.
तिने तीन पायांचं बिडाचं भांडं दाखवलं.
"हे अंगणात राहिलं होतं. सकाळी काठाला दोन बोटं कमी.
पण भांडं माझं, सरकारचं नाही. म्हणून नाही लिहिलं."

"आधी रिकामं होतं?" विचारणं भाग होतं.
"नवरा नदीपलीकडे अडकलेला. रांधायचं कुणासाठी?"

पोट मोठं, तोंड लहान. पाऊस तोंडानेच आत जातो.
आम्ही दोघी मापाने पाणी ओतत बसलो.
दोन बोटं तिचीच धरली,
माझी बारीक, चालणार नाहीत म्हणाली.
सोळा लिटर, भागिले तोंडाचं क्षेत्रफळ :
दोनशे बारा.

न्ताते रामोखेले म्हणाले, भांडं हे प्रमाणित उपकरण नव्हे.
मग बराच वेळ आलेखाकडे बघत राहिले.
एकच ठिपका वर सरकला होता
आणि वक्राचं शेपूट उठलं होतं
चाहूल लागलेल्या मांजरासारखं.
सांडवा साडेचार मीटरने रुंदावला.
तळटीप : घरगुती भांडे.

नकाशा घेऊन पुन्हा गेले.
सांडव्याखालचा चर आता
तिच्या पीचच्या तीन झाडांतून जात होता.
मी शब्द शोधत होते,
तोवर ती बोटाने त्या रेघेवरून चालत गेली.
"दीडशेच ठेवलं असतं तर?"
"वाचली असती."

त्याच भांड्यात ज्वारीची पेज रटरटत होती. तिने ढवळली.
"पण पडलं होतं तेवढं."

आठ वाजले.
ती गेली, आली, पावलं घोट्यापर्यंत ओली.
दवाची नोंद नसते.
वहीत लिहिलं : शून्य.