यंदाचा अंदाज

काल हरलो. एक डाव आणि पाच गुणांनी.
फलकावरचा खडू कुणीतरी हाताने पुसला,
पण माझ्या वहीत आहे.
शिंप्याची वही, मापांची;
इकडून छाती, कंबर, उंची,
उलटी धरली की अरुणोदय मंडळाचे सामने.

दापोडीच्या मैदानावर नळाशेजारी
बारा वर्षं उभा राहतोय मी.
बसत नाही. बसलो की आपली तुकडी बाद होते.
अंधश्रद्धा म्हणा,
नावं ठेवायला पुण्यात पैसे पडत नाहीत.

काय बिघडलंय ते सांगतो.
पहिलं म्हणजे, मधल्या पोरी उशिरा उठतात.
पाठीवर खो पडतो, सगळ्या मैदानाला ऐकू जातो,
आणि मग या उठतात;
दार वाजल्यावर आधी केस सारखे करावेत
तशा.
दुसरं, खांबावर सूर मारायला कुणी उरलं नाही.
अबोली घुले मारायची. तिला रेल्वेत नोकरी लागली.
गेल्या महिन्यात निमंत्रित स्पर्धेत
तिने आमच्याच किमयाला खांबावर टिपलं,
आडवी, जमिनीला समांतर,
आणि खोटं कशाला बोलू,
माझ्या हातून टाळी वाजली.
आजूबाजूचे वळून बघायला लागले.

तिसरं विसरलो.
हां, किमया लोंढे. तिला पहिल्या तुकडीत उतरवू नका,
शेवटी ठेवा, समोरच्या पोरी दमल्यावर.
तीन वर्षं सांगतोय.
फडतरे बाई म्हणतात,
काका, तुम्ही बाह्या बघा, तुकड्या आम्ही बघतो.

बाह्याच बघतो, बाई.
आणि गुडघे.
ज्या साली आपण उपांत्य फेरीत गेलो
त्या साली माझ्याकडे ढीग असायचा दुरुस्तीचा,
गुडघे फाटलेले, कोपरं उसवलेली,
रफू करता करता मशीन तापायचं.
यंदा जशा शिवून दिल्या
तशाच पँटी, घडीसुद्धा न मोडलेल्या.
एक टाका नाही घालावा लागला.
यावरून काय ते ओळखा.

तरी कालची एक गोष्ट.
सामना केव्हाच गेला होता,
लोक गाड्या काढायला लागले होते,
तेव्हा राखीवमधली सायमा तांबोळी उतरली.
वय पंधरा. अंगात अबोलीचा जुना आठ नंबर,
खांदे दंडावर आलेले.
एकेरी साखळीत असे काही पाय टाकले पोरीने,
की मागची पोर डावीकडे आणि ही
मी पापणी लवून बघेपर्यंत पलीकडच्या खांबाला.
एक मिनिट पन्नास.
नळ चालू राहिला होता, कुणी बंद करेना.

मग शिट्टी.
हात तिला लागलाच नव्हता.
बाहीला लागला.
लोंबत्या बाहीला, जी आत घ्यायची
म्हणून पंधरा दिवस माझ्या खुंटीवर होती
आणि लग्नसराईच्या ब्लाउजांपायी
तशीच परत गेली.

रात्री वहीत लिहिलं: सायमा, बाद.
कसं बाद, ते नाही लिहिलं.

रविवारी चिंचवडच्या पोरींशी आहे.
हरू. स्पष्ट बोललेलं बरं.
त्यांचं आक्रमण चाकूसारखं आहे,
आणि बाई किमयाला पहिलीच उतरवणार.
पण डावाने नाही हरणार, दोन-तीन गुणांनी हरू,
आणि दोन-तीन गुण म्हणजे
एखादी पोर लवकर उठली तर…
जाऊ द्या.

आज सकाळी दुकान उघडतोय तर
सायमा पायरीवर.
हातात पँट. डावा गुडघा फाटलेला,
आत मैदानाची माती तशीच.
काका, शनिवारपर्यंत होईल?
बाहीबद्दल एक शब्द नाही.

म्हटलं, पँट ठेव. शर्ट कुठाय?
हात पुढे कर.
टेप लावली. दोनदा लावली.
बाही बरोब्बर आत घेतली,
शिवणीत मात्र अर्धा इंच राखला,
वाढतं अंग आहे.