चार सेकंदांचा दिवा

डुलूथला बर्फ. गॅरेजात हीटर खोकतोय.
व्हर्लिन ॲक्रिलिकच्या नळीची कड घासतो,
आधी दोनशे नंबरचा पॉलिश पेपर, मग आठशेचा,
मग माझ्या जुन्या फ्लॅनेलचा तुकडा
(विचारलं नाहीच).

सिनेमात हा दिवा चार सेकंद दिसतो.
नोव्हेंबरपासून तो
तेवढेच चार सेकंद घडवतोय.

मूळ दिव्याच्या बुडाशी तडा होता,
सेटवर कुणाच्या तरी हातून गेलेला.
तोही पाडला, मोजून, श्वास रोखून.
पहिल्यांदा जास्त गेला. नळी फुकट.

काल वीज गेली.
मी अंधारात मीठ चाचपडत होते.
निळा उजेड जिना चढून आला,
ओट्यावर टेकला.
व्हर्लिन दोन पावलं मागे सरला,
एक डोळा मिटला,
म्हणाला, "थोडा फिरव गं.
तडा इकडे."