बर्फाला वजन कळायच्या आत

राग्ना क्वामे रात्री अकराला लोखंड मोजत बसते.
बेचाळीस चुंबक, एकच कडं,
दोन चुंबकांमध्ये जागा एवढीच
की हात जातो, हातमोजा जात नाही.
बाहेर केगॉन्सा तळं गोठलंय,
कापलेल्या मक्याची खुंटं बर्फातून वर आलीत,
आणि शेडमधला पंप
हवा उपसत बसलाय एका नळीतली,
जिच्यातून अजून कुणी धावलेलं नाही.

इतर यंत्रांत चुंबक इलेक्ट्रॉनच्या मागे मागे वाढतो:
वेग चढला, वीज चढवा,
लेकराच्या अंगासाठी झबलं उसवून शिवावं तसं,
मग सगळं उतरवा, पुन्हा पहिल्यापासून.
इथे चुंबक एकदा बोलला की बोलला.
बदलायचं ते धावणाऱ्यानं.
बळ आलं, जरा बाहेरून वळ.
आणखी आलं, आणखी बाहेरून.
क्षेत्र म्हणजे शेतच शेवटी,
ते जागचं हलत नाही,
तुम्ही बांधाकडे सरकत जाता.

राग्नाच्या आजोबांचा भाऊ, हाल्वोर,
दुधाचे कॅन उतरवून झाले की
अशाच एका शेडमध्ये तांब्याची तार गुंडाळायला जायचा.
सत्तर वर्षं झाली.
त्या चुंबकाचं तोंड वाकडं घासलेलं होतं, मुद्दाम,
दर पायरीवर इलेक्ट्रॉनचं डुलणं तेच राहावं म्हणून.
मग पैसे थांबले.
यंत्राचे तुकडे झाले. एक तुकडा हाल्वोरने घरी आणला
आणि गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावला.
गाईंनी माना घासून घासून त्याला चकाकी आणली.
सहा वर्षांची राग्ना त्यावर बोट फिरवायची:
इथे जाड, इथे निमुळता, इथे जवळजवळ काही नाही.
गणित पुढे शाळेत भेटलं
तेव्हा ओळखीचं निघालं.

तिच्या यंत्रात तो बाक नाही.
सरळ उतार, साधं लोखंड, चार बोटांची नळी,
म्हणून स्वस्त, म्हणून लहान,
म्हणून खोट अशी की डुलणं दर फेरीला बदलतं,
आणि बदलता बदलता पूर्णांकावर येतं.
तिथे प्रत्येक चुंबकाची बारीकशी चूक
दर फेरीला त्याच बाजूने धक्का देते.
झोपाळ्याला देतात तसा.
मग भिंत.

पाकू शिओंग पिशवीतला चिकट भात चिमटीने खात विचारते,
'मग तिथं करायचं काय?'

'थांबायचं नाही.'

हाल्वोर मासे धरायला तिला तळ्यावर न्यायचा.
मधोमध एक जागा होती, खालून झरा येणारी,
तिथला बर्फ जानेवारीतही काळपट.
वळसा घ्यायला वेळ नसला की म्हणायचा:
वाकू नकोस, खाली बघू नकोस,
बर्फाला तुझं वजन कळायच्या आत पलीकडे हो.
तळ्यावरची मोठी माणसं याला वेडेपणा म्हणत.
तिने त्याचं समीकरण केलं.

पहिली रात्र: तीन फेऱ्या.
पडद्यावर एक ठिपका, मग नुसता पडदा.
दुसरी रात्र: तीन.
तिसऱ्या रात्री पाकूला सतरावा चुंबक
कागदाच्या जाडीइतका खचलेला सापडला;
तिने खाली पत्री सरकवली,
शिवी दिली, ती तिच्या आईच्या भाषेत.
सात फेऱ्या.
दोन पूर्णांक मागे पडले, तिसऱ्याने गिळलं.
हव्या होत्या अकरा.

पहाटे राग्ना घरी आली तेव्हा
गोठ्याचं दार वाऱ्याने रेटत होतं.
तुकडा जागच्या जागी, डोक्यावर बोटभर हिम.
तिने हातमोजा काढला
आणि जाड बाजूकडून निमुळत्या बाजूकडे बोट नेलं,
या वेळी भरभर.
गाय खाकरली.
सतराच्या शेजारचा अठरा,
तिला वाटलं, तोही बघायला हवा.