त्रिज्येचा चौथा घात

सतरा नळ्या धरल्या होत्या आम्ही सुरुवातीला,
जुन्या शरीरशास्त्राच्या चित्रात असतात तशा,
स्तनाग्रापासून सरळ मागे जाणाऱ्या, सायकलच्या आऱ्यांसारख्या.
क्युल्लीने अल्ट्रासाउंडवर मोजल्या: नऊ.
त्याही वाकड्यातिकड्या, एकमेकींत शिरलेल्या.
आठ दिवसांचं काम पुसलं.

हे तार्तू. जानेवारी.
खिडकीखालून एमायगी जाते, नावाचा अर्थच आईनदी.
आत्ता वरून गोठली आहे. लोक तिच्यावर स्टूल टाकून मासे धरतात.
खाली ती वाहते आहे
हे आम्ही गृहीत धरतो.

मॉडेल साधं आहे.
बाळाची जीभ खाली जाते, तोंडात पोकळी होते,
दाब उणे होतो, दूध येतं.
दाबाच्या फरकाइतकं,
आणि त्रिज्येच्या चौथ्या घाताइतकं.
म्हणजे वाट निम्मी झाली
तर दूध निम्मं होत नाही.
सोळावा हिस्सा उरतो.
हे वाक्य मी वर्गात नेहमी
फळ्याकडे तोंड करून सांगते.

उर्वेचं बाळ तिसाव्या आठवड्यात आलं,
वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे.
ती येते, बटणं काढते, पंप लावते.
"तुमच्या कॉम्प्युटरला सांगा, मी गाय नाही."
दर पाच सेकंदांनी आम्ही बाटलीचं वजन टिपतो.

मंगळवारी आलेखात उडी होती. अकरा चाळीस.
पंप तोच, ओढ तीच,
आणि नळ्या एकाएकी दीडपट रुंद.
दीडचा चौथा घात पाच. रेघ पाचपट वर.
राइमो म्हणाला, सेन्सर हलला असेल, काढून टाकू तो बिंदू.
"सेन्सर नाही," उर्वे म्हणाली, "टोपी."
नर्सने बाळाची टोपी बदलली होती,
जुनी हिच्याकडे दिली होती. लोकरीची, मोसंब्याएवढी.
हिने ती नाकाशी धरली होती.

टोपीचं एकक कोणतं?
मी त्या जागी टाऊ लिहिला, पान्ह्यासाठी,
किंमत कोरी सोडली.

सगळे गेल्यावर मॉडेल पुन्हा चालवलं,
दोनच आकडे बदलून.
त्रिज्या: अरुंद. टाऊ: शून्य.
बावीस वर्षांपूर्वीची वाल्गामधली खोली.
नवव्या दिवशी पावडरचा डबा आला.
सासू काही बोलली नाही,
पाणी उकळत ठेवलं फक्त.
ते न बोलणं मी बावीस वर्षं ऐकत आले.

पडद्यावर रेघ निघाली. सपाट, तळाला लागून,
मधेच एखादा थेंबभर उंचवटा.
बराच वेळ पाहिली.
तिच्यात कुठेही माझं नाव नव्हतं.

फाइल ठेवली नाही. कोट घातला.
पुलाखाली एक म्हातारा गिरमिटाने
बर्फाला भोक पाडत होता, वीतभर रुंद.
शेवटचा पापुद्रा फुटला
आणि काळं पाणी, कोणी न ओढता,
काठापर्यंत वर आलं.