प्रत क्रमांक ६५

वर्षाला दोनशे चाळीस, मनीऑर्डरनं.
बदल्यात चार कॅसेटी, तीन-तीन महिन्यांनी,
खाकी पुठ्ठ्यात. सुतळीची गाठ नेहमी तीच,
एरंडवण्याचे टेंबेकर स्वतः बांधायचे.
एकशे पंचवीस प्रती. मग मूळ फीत कपाटात
आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला.

मी चौसष्ट.
खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात दिवसभर
कानांत कापूस घालून बसणारा माणूस.
संध्याकाळी तो कापूस काढायला
काहीतरी कारण हवं.

आत टेंबेकरांची चिठ्ठी, निळ्या शाईत:
"दुसऱ्या बाजूला सतराव्या मिनिटाला रिक्षा.
दार लावा म्हणून दोनदा सांगितलं होतं."
किंवा: "बाई मध्येच पाणी प्यायल्या.
कापायला हात झाला नाही."
आणि खाली, लाल रेघेवर: नक्कल करू नये.

मेहुण्यानं मागितली होती एकदा. नाही दिली.
अजून तो दिवाळीला माझ्याकडे चकलीला हात लावत नाही.

फडताळात तेहेतीस उभ्या, सगळ्यांच्या पाठीवर ६४.
चौतिसावी आली, तिच्यावर ६५.

दोन दिवस झोप नाही. हसा.
फोन केला तर टेंबेकर म्हणाले,
"वय झालं हो. पासष्ट म्हणजे पांगारेबाई,
म्हात्रे पुलाच्या पलीकडे, दत्तवाडीत.
तुम्हीच जाऊन बदलून घ्या."

सायकल काढली. पुलावर वारा.
कॅसेट शर्टाच्या आत, पोटाशी.

बाईंच्या हाताला डाळीचं पीठ.
"चौसष्ट ना? ऐकून झाली माझी,
ऐकायची तेवढी."
तेवढी म्हणजे केवढी, ते विचारलं नाही.
त्यांनीच टेप लावला.

सतरंजी ओढल्याचा आवाज. कुणीतरी खोकलं.
मग तानपुरे. एक आधी, दुसरा त्याला शोधत.
खुंटी केसभर फिरली, मणी सरकला,
जवारीतला दोरा कुठंतरी नेमका बसला
आणि खोली भरली, पिठाच्या वासासकट.
गाणाऱ्या बाईंनी श्वास घेतला
तेवढ्यात पांगारेबाईंनी पिठाच्या बोटानं
बटण दाबलं. खट्.

"पुढं गाणं आहे," त्या म्हणाल्या.
"डावीकडचा तानपुरा आमचे हे."

मी पुठ्ठा उलटून पाहिला.
गायन, तबला, पेटी, ध्वनिमुद्रण,
सभागृहाचं भाडं देणाऱ्याचंसुद्धा नाव होतं.

"एकोणतीस वर्षं मागं बसले.
घरी तानपुरा नव्हताच आमच्या, तो बाईंचा.
हे गेल्यावर कळलं की अशा कॅसेटी निघतात.
कुणीतरी सोडलेला नंबर मला मिळाला,
दोनच वर्षं झाली.
आधीच्या म्हणे मिळत नाहीत."

चहा झाला. पासष्ट तिकडे, चौसष्ट इकडे.
"सुरुवात जरा झिजली असेल," त्या म्हणाल्या,
"पुढं कोरी आहे."

घरी आलो. चौतिसावी जागेवर लावली.
रांग पूर्ण झाली, आणि मी तिच्यासमोर
उगाच उभा राहिलो बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना
साठ मिनिटांची कोरी कॅसेट घेतली.
सव्वीस जुन्या, एकेक काढून,
सतरंजीपासून श्वासापर्यंत.
कुठं दीड मिनिट, कुठं चाळीस सेकंद,
एका ठिकाणी तर टेंबेकरच ओरडतायत, "दार, दार!"
डावीकडचा कुठल्या कुठल्यात त्यांचा,
खोटं कशाला सांगू, मला ओळखू येत नाही.
त्यांना येईल.

पुठ्ठ्यावर काय लिहायचं ठरेना.
शेवटी लिहिलं: तानपुरा, यशवंत पांगारे.
त्याखाली जागा पुष्कळ होती. तशीच ठेवली.

सुतळी बांधली. गाठ टेंबेकरांसारखी जमली नाही.
प्रत एकूण एक.
मेहुण्याला कळू नये, म्हणजे झालं.