छाट

पावणेसहाला शटर अर्धं वर जायचं
आणि बायका वाकून आत यायच्या,
अक्कोळच्या, यमगर्णीच्या, निपाणीतल्याच गल्ल्यांतल्या,
काखेत सूप, सुपात विड्या,
बोटांच्या पेरांवर तो रंग, जो साबणाला दाद देत नाही.

मी आमोस शांतवन भंडारे. चेकर.
हजार विड्या पुढ्यात ओतल्या की
माझा उजवा हात चालू लागायचा :
ही सैल, ही वाकडी,
हिचं तोंड नीट मोडलेलं नाही.
बाजूला. बाजूला. बाजूला.
ह्याला छाट म्हणतात.
छाटेचे पैसे बाईला मिळत नाहीत.
दिवेलागणीनंतर त्याच छाटेचे कट्टे बांधले जातात
आणि एक वाटा चेकरच्या खिशात येतो.

हजाराला वीस खरोखरच वाईट असायच्या.
वरच्या तीस माझ्या.

आधी मोजून करायचो,
मग मोजणं सुटलं,
मग हात मला विचारीनासा झाला.
झोपेतही बोटं चाळवतात तुमची, मार्था म्हणायची,
कुणाला बाजूला करताय?

रविवारी प्रार्थनामंदिरात पत्र्याखाली मान घालून
मी कबुली द्यायचो.
प्रभू, माझ्या पापांची क्षमा कर.
पापं म्हणायचो.
विड्या म्हणायचो नाही.

शपथा झाल्या. नाताळातली एक,
उपवासकाळातली एक,
धाकट्याच्या बाप्तिस्म्याला ओल्या कपाळाकडं बघून घेतलेली एक.
ती एकोणीस दिवस टिकली.
विसाव्या दिवशी घरात तंगी नव्हती,
कुणाशी भांडण नव्हतं.
नुसता हात गेला.

मग एका शनिवारी रेणव्वा आली.
तिच्या विड्या बघून मी थांबलोच.
अर्धं सूप छाट. खरीखुरी.
तोंड उघडी, दोरा भलतीकडं.
अण्णा, नोडी, ती म्हणाली,
नीट बघून घ्या, मला आता दिसंना झालंय.
आणि माझ्याकडं बघत हसली, म्हणजे
मी जिथं असेन असं तिला वाटलं तिथं.
इतकी वर्षं तिच्या चांगल्या विड्या मी वाईट ठरवल्या होत्या.
आज वाईट होत्या, आणि हात उचलेना.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं.
ओळीत गुडघे टेकले, तळवा पुढं केला, उजवाच.
नखात तंबाखू होती.
पाळकांनी ती पाहिली
आणि भाकरीचा तुकडा तिथंच ठेवला.

भोकं पडलेल्या हातांचं मी पाळण्यापासून ऐकत आलोय.
त्या दिवशी पहिल्यांदा चेकरच्या डोळ्यांनी ते हात पाहिले :
असल्या हातात चोरलेलं काही राहत नाही.
आणि त्याच्या सुपात मी पडलो होतो
सैल, वाकडा, तोंड न मोडलेला.
त्यानं उचललं, पाहिलं,
बाजूला टाकलं नाही.

तेव्हा बोललो. शेजारच्याला ऐकू गेलं असणार.
प्रभू, विड्या.
रोज, हजारामागं तीस.
रेणव्वाच्या, शालनच्या, हमीदाबींच्या.

हात नवा मिळालेला नाही. तोच आहे.
आता बाईला शेजारी बसवतो,
काढलेली प्रत्येक विडी तिच्या हातात देतो, का काढली ते सांगतो.
माझा वाटा मालकानं दुसऱ्याला दिला.
मार्थानं चहातली साखर कमी केली, बोलली काही नाही.

परवा शटर पाडताना सदऱ्याच्या खिशात चार विड्या लागल्या.
कधी गेल्या, आठवेना.
कुणाच्या ते मात्र ठाऊक होतं, शेवटचं सूप तिचंच होतं.

रात्री साडेनवाला अक्कोळात रेणव्वाची कडी वाजवली.
ती चाचपडत आली, विड्या बोटांनी ओळखल्या.
चार विड्यांसाठी एवढ्या रातचं?
उद्या द्यायच्या की, अण्णा.

उद्यावर माझा भरवसा नाही, अक्का, म्हणालो.
आज त्यानं इथवर आणलंय.

शेवटची गाडी गेली होती.
चालत निघालो,
दोन्ही हात खिशाबाहेर.