दोन पानी निबंध

रानडेच्या जर्मन वर्गातले आम्ही अकरा जण
व्हिएन्नाला जाऊन आलो.
सरदेशमुख मॅडमना आता दोन पानं हवीयत, सोमवारपर्यंत.

राजवाड्याचं काय लिहू?
अल्फियाचा एक हातमोजा ट्राममध्ये राहिला,
तिचा उघडा हात दिवसभर
आम्ही आळीपाळीने आपापल्या खिशात घेतला.
बाकरवडी तिसऱ्या दिवशी संपली.

छत्री उंच धरून पुढे चालणाऱ्या गाइडबाई
डॅन्यूबच्या पुलावर थांबल्या.
तुमच्या नदीचं नाव काय?
मुळा, म्हणाला शार्दूल.
मुठा, म्हणाले मी.
मग संगम नक्की कुठे यावरून
भर थंडीत, मराठीत, कडाडून भांडण.
बाई हसत होत्या. वाऱ्याने छत्री उलटली.

काल झेड ब्रिजवर गाडी लावली,
जोडप्यांच्या रांगेत एकटीच.
वाकून पाहिलं:
जलपर्णी, एक बगळा,
निर्माल्याची पिशवी दगडाला अडकलेली,
आणि मधेच, बोटभर, वाहतं पाणी.

मुठा, म्हटलं मोठ्याने.
शेजारची दोघं दचकून जरा सरकली.

जर्मनमध्ये हिच्याआधी काय लावतात,
डेअर, डी की दास?
मॅडमना विचारायला हवं.